पुनर्भारणक्षम विद्युतघटांतील धातू ऑक्साइड नॅनोपदार्थ

ज्या धातू ऑक्साइडांच्या कणांची, तंतूंची किंवा पापुद्र्यांची किमान एक मिती साधारणपणे १ ते १०० नॅनोमीटर असते, त्यांना धातू ऑक्साइड नॅनोपदार्थ म्हणतात. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. लोह, मँगनीज, कोबाल्ट, निकेल, टिटॅनिअम, कथील, बिस्मथ आणि व्हॅनेडिअम यांच्या ऑक्साइडांचा पुन्हा पुन्हा भरता येणाऱ्या विद्युतघटांची अग्रे बनवण्यासाठी विशेष अभ्यास झाला आहे. यांपैकी काही पदार्थ कारखान्यांत पोहोचले असले, तरी बहुसंख्य अजून प्रयोगशाळेतच आहेत. कणाचा आकार लहान केल्याने या पदार्थांचे ज्या कारणाने भले होते, त्याच कारणाने त्यांचे नुकसानही होते. महाराष्ट्रात या विषयावर पुणे व कोल्हापूर येथे, तसेच नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात संशोधन झाले आहे.

संज्ञांविषयी

या लेखात 'धन अग्र' म्हणजे घटावर अधिक चिन्ह असलेल्या टोकाकडील अग्र आणि 'ऋण अग्र' म्हणजे उणे चिन्हाकडील अग्र. विद्युत अपघटनाच्या पाठात कॅथोडला ऋणाग्र म्हणतात. विद्युतघटाच्या इंग्रजी ग्रंथांत मात्र घट वापरात असतानाच्या क्रियेवरून धन अग्रालाच कॅथोड म्हटले जाते. विद्यार्थ्यांचा येथे हमखास गोंधळ होतो, म्हणून ॲनोड व कॅथोड हे शब्द येथे टाळले आहेत. अग्रपदार्थाची क्षमता 'मिलिअँपिअर-तास प्रति ग्रॅम' या एककात दिली आहे. एक ग्रॅम पदार्थातून एक मिलिअँपिअर प्रवाह जितके तास मिळेल, तितकी त्याची क्षमता.

पार्श्वभूमी

विद्युतघटात धातूचे ऑक्साइड असणे ही नवी गोष्ट नाही. वीजपुरवठा खंडित झाल्यावर घरात दिवे चालू ठेवणाऱ्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत धन पट्टीवर शिशाचे डायऑक्साइडच असते. हा शिसे-आम्ल घट फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केला. जॉर्ज लेक्लांशे यांच्या १८६६ च्या घटात आणि त्यातून पुढे आलेल्या कोरड्या घटात मँगनीज डायऑक्साइड वापरले गेले. वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ मध्ये केलेल्या निकेल-कॅडमिअम घटाचे धन अग्र निकेलच्या ऑक्सिहायड्रॉक्साइडचे होते.

कोरड्या घटाचा धागा महाराष्ट्रातून जातो. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग येथे 'मॉइल' या सरकारी कंपनीची मँगनीजची उघडी खाण आहे. तेथील मँगनीज डायऑक्साइडचे खनिज कोरड्या घटांसाठी वापरले जाते, आणि विद्युत अपघटनाने शुद्ध मँगनीज डायऑक्साइड बनवण्याचा कंपनीचा कारखानाही तेथेच आहे. कोरडा घट एकदा संपला की टाकून द्यावा लागतो. परंतु अशाच शुद्ध मँगनीज डायऑक्साइडपासून लिथिअम-मँगनीज ऑक्साइड बनवता येते, आणि ते पुन्हा भरता येणाऱ्या घटात चालते.

लिथिअम-आयन घटाचा पाया ऑक्साइडानेच घातला. ऑक्सफर्ड येथे जॉन गुडइनफ, कोइची मिझुशिमा आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखवले, की लिथिअम-कोबाल्ट ऑक्साइडाच्या स्फटिकातील थरांमधून लिथिअमचे आयन काढून घेता येतात आणि पुन्हा आत घालता येतात. त्याच संशोधनपरंपरेतून मायकेल थॅकरे यांनी १९८३ च्या सुमारास स्पिनेल रचनेचे लिथिअम-मँगनीज ऑक्साइड पुढे आणले. अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये कोबाल्ट ऑक्साइडासमोर कार्बनचे ऋण अग्र ठेवून सुरक्षित घट रचला आणि १९९१ मध्ये सोनी कंपनीने तो बाजारात आणला. गुडइनफ, योशिनो आणि स्टॅनली व्हिटिंगहॅम यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. या सुरुवातीच्या घटांतील ऑक्साइडाचे कण मात्र नॅनो नव्हते. ते काही मायक्रोमीटरचे होते.

कण लहान केल्याने काय साधते

घट भरताना आणि वापरताना लिथिअमचा आयन ऑक्साइडाच्या घन कणात शिरतो किंवा त्यातून बाहेर पडतो. घन पदार्थातील हा प्रवास विसरणाने होतो आणि तो अत्यंत मंद असतो. विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे १० मायक्रोमीटरच्या कणाऐवजी १०० नॅनोमीटरचा कण घेतला, तर अंतर शंभरपटीने आणि वेळ दहा हजारपटीने कमी होतो. ज्या पदार्थाचा घट भरायला एरवी अनेक तास लागले असते, तो नॅनो रूपात काही मिनिटांत भरू शकतो, तो या गणितामुळे.

दुसरा बदल पृष्ठभागात होतो. घनता प्रति घनसेंटिमीटर ५ ग्रॅम असलेल्या ऑक्साइडाचे गोल कण १० मायक्रोमीटर व्यासाचे असतील, तर एका ग्रॅमचा एकूण पृष्ठभाग सुमारे ०.१२ चौरस मीटर भरतो. व्यास ५० नॅनोमीटर केला, की तोच २४ चौरस मीटर होतो. मुठीतही न भरणारी चिमूटभर पूड एका बेताच्या खोलीच्या जमिनीइतका पृष्ठभाग उघडा करते, आणि तो सगळा विद्युत अपघटनी द्रवाच्या संपर्कात येतो.

तिसरा फायदा यांत्रिक आहे. आयन आत शिरल्यावर कण फुगतो आणि बाहेर पडल्यावर आक्रसतो. मोठा कण या ताणाने तडकतो, त्याचे तुकडे वाहक जाळ्यापासून सुटतात आणि निकामी होतात. लहान कणात तडा वाढायला जागाच अपुरी असते. कणांमध्ये मोकळी जागा ठेवली, पोकळ गोळे किंवा सच्छिद्र पापुद्रे बनवले, तर फुगवटा त्या पोकळीत सामावतो.

ऋण अग्रातील ऑक्साइडे

बाजारातील बहुतेक लिथिअम-आयन घटांत ऋण अग्र ग्रॅफाइटचे असते. कार्बनच्या सहा अणूंमागे लिथिअमचा एक आयन हे त्याचे प्रमाण असल्याने त्याची सैद्धांतिक क्षमता ३७२ वर थांबते. ऑक्साइडांचे आकर्षण निर्माण झाले ते या मर्यादेमुळे. ऋण अग्र म्हणून ती तीन वेगवेगळ्या रीतींनी काम करतात.

पहिल्या रीतीत आयन स्फटिकाच्या मोकळ्या जागांत शिरतो आणि मूळ सांगाडा टिकून राहतो. टिटॅनिअम डायऑक्साइड आणि लिथिअम टिटॅनेट ही याची उदाहरणे. लिथिअम टिटॅनेटची क्षमता अवघी १७५, म्हणजे ग्रॅफाइटच्या निम्म्याहूनही कमी. शिवाय त्याचे विभव लिथिअमच्या वर सुमारे १.५५ व्होल्ट असल्याने पूर्ण घटाचा दाब घटतो. तरीही हा पदार्थ कारखान्यात पोहोचला, कारण भरताना त्याच्या आकारमानात जवळजवळ काहीच फरक पडत नाही, तो हजारो फेरे टिकतो आणि जलद भरता येतो. कागदावर सर्वांत दुबळा दिसणारा ऑक्साइड बाजारात सर्वांत यशस्वी ठरला, हे या विषयातील आकडे वाचताना ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

दुसरी रीत कथलाच्या डायऑक्साइडाची. त्यातील ऑक्सिजन पहिल्याच फेरीत लिथिअमशी जखडला जातो, आणि उरलेले कथील लिथिअमशी मिश्रधातू बनवते. व्युत्क्रमी भागाची सैद्धांतिक क्षमता सुमारे ७८२ आहे. मात्र कथलाचे आकारमान तिपटीच्या आसपास जाते. जपानच्या फुजी कंपनीतील संशोधकांनी १९९७ मध्ये कथलाच्या अस्फटिकी ऑक्साइडाचे अग्र प्रसिद्ध केले, तेव्हापासून या पदार्थांकडे लक्ष वळले.

तिसरी रीत रूपांतराची, आणि या लेखाच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. फेरिक ऑक्साइडाच्या एका रेणूसूत्रामागे लिथिअमचे सहा आयन येतात, ऑक्सिजन काढून घेतात आणि मागे लोहधातू व लिथिअम ऑक्साइड उरते. फेरिक ऑक्साइडाचे सूत्रवस्तुमान सुमारे १५९.७ आहे आणि एक मोल इलेक्ट्रॉनांचा प्रभार २६,८०१ मिलिअँपिअर-तास भरतो. यावरून सहा इलेक्ट्रॉनांसाठी क्षमता १,००७ येते. याच हिशेबाने तिकोबाल्ट चतुष्ऑक्साइडाची ८९० आणि निकेल ऑक्साइडाची ७१८ येते. अशी क्रिया एकदा झाली की उलट फिरवता येणार नाही, असाच समज पूर्वी होता. लिथिअम ऑक्साइड हा अत्यंत स्थिर आणि विजेचा अवाहक पदार्थ आहे. फ्रान्समधील आमियाँ येथे फिलिप प्वाझो, जाँ-मारी तारास्काँ आणि सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर' नियतकालिकात दाखवले, की कोबाल्ट ऑक्साइडासारख्या ऑक्साइडांपासून बनणारे धातूचे कण काही नॅनोमीटरचेच असतात, ते लिथिअम ऑक्साइडात दाटीने विखुरलेले राहतात, आणि म्हणून क्रिया उलट फिरते. त्यांनी सुमारे ७०० क्षमता शंभर फेऱ्यांपर्यंत टिकवून दाखवली. अशक्य मानलेली क्रिया केवळ कणांच्या लहानपणामुळे शक्य झाली, म्हणून हा निबंध या क्षेत्राचा आरंभबिंदू मानला जातो.

त्यानंतर जगभर शेकडो प्रयोगशाळांनी या ऑक्साइडांचे तंतू, नळ्या, फुले आणि पोकळ गोळे बनवले. तथापि, दोन अडचणी आकार बदलून सुटल्या नाहीत. पहिल्या फेरीत घातलेल्या लिथिअमचा मोठा भाग, अनेकदा चौथ्या हिश्श्याहून अधिक, परत मिळत नाही. तो पृष्ठभागावर विद्युत अपघटनीच्या विघटनातून बनणाऱ्या थरात आणि अपुऱ्या राहिलेल्या क्रियेत अडकतो. पूर्ण घटात हे लिथिअम धन अग्रातूनच येते, त्यामुळे ते कायमचे बुडते. येथे २४ चौरस मीटरचा तो पृष्ठभाग उपकारक न ठरता खर्चिक ठरतो. दुसरी अडचण अशी, की घट भरण्याचे आणि वापरण्याचे विभव यांत सुमारे एक व्होल्टपर्यंत अंतर राहते. भरलेल्या ऊर्जेचा तेवढा भाग उष्णता होऊन वाया जातो. मोबाइलच्या घटात हे कदाचित चालेल. सौर ऊर्जा साठवणाऱ्या मोठ्या घटसंचात ते परवडणारे नाही.

धन अग्रातील ऑक्साइडे

लिथिअम-कोबाल्ट ऑक्साइडाची सैद्धांतिक क्षमता २७४ असली, तरी साधारण निम्मेच लिथिअम सुरक्षितपणे काढता येते आणि प्रत्यक्षात सुमारे १४० मिळते. कोबाल्ट महाग असल्याने आणि त्याचा बहुतांश पुरवठा काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून होत असल्याने निकेल, मँगनीज व कोबाल्ट यांची मिश्र ऑक्साइडे पुढे आली.

धन अग्राच्या बाबतीत नॅनो रूप फारसे रुचलेले नाही. चार व्होल्टच्या आसपास ऑक्साइडाचा पृष्ठभाग विद्युत अपघटनीचे ऑक्सिडीकरण करतो. पृष्ठभाग जितका अधिक, तितका हा उपद्रव अधिक. लिथिअम-मँगनीज ऑक्साइडात यावर आणखी एक संकट येते. विद्युत अपघटनीत शिरलेल्या अल्पशा ओलाव्यापासून हायड्रोफ्लोरिक आम्ल बनते आणि ते मँगनीज विरघळवते. तापमान ५५ अंश सेल्सिअसच्या घरात गेले की ही झीज झपाट्याने वाढते. नांदेड-लातूर भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो. उन्हात उभ्या असलेल्या वाहनातील घटसंच त्याहून तापतो. त्यामुळे अशा प्रदेशासाठी या पदार्थाचा विचार करताना २५ अंशांवर घेतलेल्या चाचण्या पुरेशा मानता येत नाहीत.

यावरचा एक उपाय मोठा मार्मिक आहे. धन अग्राचे कण मोठेच ठेवायचे आणि त्यांच्यावर ॲल्युमिनिअम ऑक्साइडासारख्या निष्क्रिय ऑक्साइडाचा काही नॅनोमीटर जाडीचा लेप द्यायचा. येथे नॅनो ऑक्साइड वीज साठवत नाही. ते केवळ राखण करते. दोन अग्रांमधील प्लॅस्टिकच्या पडद्यावरही असा ऑक्साइडाचा थर देतात, जेणेकरून घट तापला तरी पडदा आक्रसून अग्रे एकमेकांना भिडू नयेत.

बनवण्याच्या पद्धती

सहनिक्षेपण, सोल-जेल, ज्वलन आणि जलऔष्णिक या पद्धती सर्वत्र रूढ आहेत. जलऔष्णिक पद्धतीत क्षारांचे द्रावण टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या पोलादी पात्रात बंद करून साधारण १२० ते १८० अंशांवर अनेक तास ठेवतात. सहनिक्षेपण मोठ्या प्रमाणावर करता येते, म्हणून कारखान्यांचा कल तिकडे असतो.

महाराष्ट्रातील विद्यापीठांत विशेष रुजली ती रासायनिक स्नान निक्षेपणाची पद्धत. निकेल किंवा कोबाल्टच्या क्षाराच्या द्रावणात युरिया मिसळून ते तापवले, की युरियाचे हळूहळू विघटन होते आणि द्रावणाची आम्लारिता सावकाश वाढत जाते. द्रावणात उभ्या ठेवलेल्या पट्टीवर हायड्रॉक्साइडाचा थर चढतो. पुढे तो ३०० ते ४०० अंशांवर भाजला की ऑक्साइड बनते. यासाठी चंचुपात्र, तापवणारी पट्टी आणि भट्टी एवढीच सामग्री पुरते. निर्वात कक्ष किंवा महागडे वायू लागत नाहीत. या पद्धतीची एक सुधारित आवृत्ती 'सिलार' नावाने ओळखली जाते: पट्टी आधी धातूच्या क्षारात बुडवायची, पाण्याने धुवायची, मग दुसऱ्या द्रावणात बुडवायची, पुन्हा धुवायची. एका फेरीत एक अतिपातळ थर चढतो, म्हणून जाडी फेऱ्यांच्या संख्येने ठरवता येते.

नांदेड येथील संशोधन

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी झाली. नांदेडजवळ विष्णुपुरी येथे त्याचा परिसर असून लातूर येथे उपकेंद्र आहे. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात.

या विद्यापीठातील संशोधक राजाराम माने यांचे काम रासायनिक पद्धतीने चढवलेल्या पातळ थरांच्या परंपरेतून आलेले आहे. त्यांनी आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील चंद्रकांत लोखंडे यांनी २००० साली 'मटेरियल्स केमिस्ट्री अँड फिजिक्स' या नियतकालिकात लिहिलेला आढावा या पद्धतीवरील बहुउद्धृत लेखांपैकी आहे. तो आढावा धातूंच्या सल्फाइड, सेलेनाइड अशा संयुगांविषयी होता; पुढे हेच तंत्र ऑक्साइडांकडे वळले. बिस्मथ ऑक्साइड, बिस्मथ फेराइट आणि स्पिनेल फेराइटे यांच्या नॅनोरचना हा त्यांच्या गटाच्या दक्षिण कोरियातील संशोधकांसह झालेल्या कामाचा एक ठळक भाग आहे. स्पिनेल फेराइटांच्या ऊर्जासाठवणुकीतील उपयोगावर माने व विजयकुमार जाधव यांनी संपादित केलेला ग्रंथ २०२० मध्ये एल्सव्हिअरने प्रकाशित केला.

या कामाचा मोठा भाग लिथिअमच्या घटांऐवजी पोटॅशिअम हायड्रॉक्साइडाच्या जलीय द्रावणातील अग्रांवर आणि सुपरकपॅसिटरवर आहे. लिथिअमचा चाचणीघट आरगॉन वायूने भरलेल्या ग्लव्हबॉक्समध्येच जोडावा लागतो, कारण ओलावा लाखांत एक भाग असला तरी तो फार ठरतो. जलीय द्रावणातील चाचणी उघड्या बाकावर, तीन अग्रांच्या मांडणीत करता येते. बिस्मथ ऑक्साइड त्या द्रावणात बिस्मथ धातूत रूपांतरित होते आणि परतही येते. सहा इलेक्ट्रॉन आणि ४६६ सूत्रवस्तुमान धरल्यास त्याची सैद्धांतिक क्षमता ३४५ येते. म्हणजे आमियाँच्या लिथिअम घटातील रूपांतराचे हे पाण्यातील भावंडच होय.

पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था आणि सी-मेट येथेही अग्रपदार्थांवर काम चालते. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने याच शिक्षण व संशोधन संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेले सोडिअम-आयन घटाचे तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले.

निष्कर्ष वाचताना

प्रकाशित आकडे आणि प्रत्यक्ष घट यांत अंतर पडते, त्याची कारणे बहुधा चाचणीच्या मांडणीत असतात. समजा, निकेलच्या सच्छिद्र फोमवर प्रति चौरस सेंटिमीटर १ मिलिग्रॅम बिस्मथ ऑक्साइड चढवले आणि सैद्धांतिक ३४५ क्षमता पूर्ण मिळाली. फोमचे स्वतःचे वजन तेवढ्याच क्षेत्रात ३५ मिलिग्रॅम धरले, तर दोहोंच्या मिळून वजनावर क्षमता दहाच्याही खाली येते. व्यापारी घटातील धातूची पत्री याहून बरीच हलकी असते आणि तिच्यावर अग्रपदार्थ साधारणपणे १० ते २० मिलिग्रॅम असतो. जाड थरात आयनांना वाट लांब पडते आणि पातळ थराने दाखवलेला वेग टिकत नाही.

दुसरा घोटाळा एककाचा आहे. जलीय द्रावणातील निकेल, कोबाल्ट व बिस्मथ यांची अग्रे ठरावीक विभवाला क्रिया करतात, म्हणजे ती घटासारखी वागतात. परंतु त्यांची क्षमता अनेक निबंधांत सुपरकपॅसिटरप्रमाणे 'फॅरड प्रति ग्रॅम' अशी दिलेली असते. अर्ध्या व्होल्टच्या पल्ल्यातील १,००० फॅरड म्हणजे ५०० कूलोम, आणि ३.६ ने भागल्यास १३९ मिलिअँपिअर-तास. पहिला आकडा भव्य वाटतो, दुसरा बेताचा. गोष्ट एकच आहे. तिएरी ब्रूस, दानिएल बेलांजे आणि जेफ्री लाँग यांनी २०१५ मध्ये या चुकीच्या वापराकडे स्पष्ट शब्दांत लक्ष वेधले. तेव्हापासून चोखंदळ संशोधक अशा अग्रांना 'घटसदृश' म्हणतात आणि क्षमता मिलिअँपिअर-तासांत देतात.

कच्चा माल आणि सुरक्षितता

लोह आणि मँगनीज यांची ऑक्साइडे स्वस्त असून त्यांची खनिजे भारतात मुबलक आहेत. टिटॅनिअमचे इल्मेनाइट हे खनिज रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील वाळूत सापडते. कोबाल्ट व निकेल यांच्या बाबतीत अशी स्थिती नाही, आणि त्यांची पूड हाताळणेही धोक्याचे आहे. निकेलची संयुगे मानवात कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहेत. कोरडी नॅनोपूड श्वासावाटे फुप्फुसात खोलवर जाते. म्हणून ती वायुशोषक कपाटातच तोलावी, शक्यतो द्रवात भिजवून हाताळावी, आणि धुण्याचे पाणी नाल्यात न सोडता धातूंच्या अवक्षेपणासाठी वेगळे साठवावे. वापरून झालेल्या घटांचे संकलन आणि पुनर्चक्रीकरण यांची जबाबदारी भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे.